गाड्या आणि ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांचा डिव्हिडंड : सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही करसल्ल्याचं काम करतो. मे महिन्यात कंपन्यांचे निकाल लागले आणि डिव्हिडंड (लाभांश, म्हणजे कंपनीने नफ्यातून भागधारकांना दिलेली रक्कम) जाहीर झाले की नवी पेठेतले दुकानदार, चिंचोळी एमआयडीसीतले कामगार, हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकमालक आणि निवृत्त शिक्षक यांचे फोन सुरू होतात. ‘बजाजचा डिव्हिडंड कधी जमा होणार?’, ‘लेलँडचं यील्ड एवढं कसं दिसतंय?’ असे प्रश्न दर वर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. कोणता शेअर घ्यावा हे इथे सांगितलेलं नाही. हिशोब कसा करायचा आणि कुठे फसायला होतं, तेवढं सांगितलं आहे. डिव्हिडंडचे आकडे कंपन्यांनी जाहीर केलेले आहेत. शेअरचे भाव मात्र, जिथे तसं म्हटलं आहे तिथे, हिशोबासाठी धरलेले आहेत. तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला.

१. डिव्हिडंड यील्ड म्हणजे नेमकं काय?

वर्षभरात एका शेअरमागे मिळालेला डिव्हिडंड भागिले शेअरचा आजचा भाव, गुणिले शंभर. बजाज ऑटोने २०२४-२५ साठी शेअरमागे २१० रुपये दिले. भाव ८,४०० धरला तर यील्ड अडीच टक्के. भाव ७,००० वर आला तर तेच यील्ड तीन टक्के होतं, कंपनीने एक पैसाही जास्त दिलेला नसताना. यील्ड वाढलं म्हणजे कंपनी उदार झाली असं नाही. बऱ्याचदा भाव पडलेला असतो, म्हणून भाव का पडला ते आधी बघायचं.

२. पेपरात ‘मारुतीचा २७०० टक्के लाभांश’ असं वाचलं. हे खरं आहे?

खरं आहे, पण ते टक्के दर्शनी मूल्यावरचे, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवरचे आहेत. मारुती सुझुकीच्या शेअरचं दर्शनी मूल्य ५ रुपये. २०२४-२५ साठी कंपनीने शेअरमागे १३५ रुपये दिले, ते पाचाच्या २७ पट, म्हणून २७०० टक्के. शेअर बाजारात १२,००० ला मिळत असेल तर तुमच्या हाती येणारं यील्ड सव्वा टक्क्याहूनही कमी आहे. दर्शनी मूल्य कंपनीगणिक वेगळं असतं. बजाज ऑटोचं १० रुपये, महिंद्रचं ५, हीरोचं २, अशोक लेलँडचं १. त्यामुळे दोन कंपन्यांच्या अशा टक्क्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. बातमीत टक्के दिसले की आधी रुपयांत किती ते शोधा.

३. आमची पतसंस्था १२ टक्के लाभांश देते. मग दोन टक्क्यांसाठी शेअर कशाला घ्यायचा?

हा प्रश्न अक्कलकोट रोडवरच्या कारखानदारांकडून हमखास येतो, आणि तो रास्त आहे. पतसंस्थेचा भाग तुम्ही दर्शनी किमतीला घेता आणि त्याच किमतीला परत करता, म्हणून तिथे बारा टक्के म्हणजे खरोखर बारा टक्के. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात त्यालाही साधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे. तिथे भागाची किंमत वाढत नाही. शेअरची किंमत वाढू शकते आणि निम्म्यावरही येऊ शकते. दोन टक्के हा शेअरच्या उत्पन्नाचा एक तुकडा आहे, बाकीचा हिशोब भावावर अवलंबून असतो. ज्यांना दर महिन्याला ठरलेली रक्कम हवी, त्यांच्या गरजेला गाडी कंपन्यांचा डिव्हिडंड पुरा पडत नाही. तो वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतो आणि त्याची हमी कोणीच देत नाही.

४. कोणती कंपनी किती देते?

२०२४-२५ साठी शेअरमागे : बजाज ऑटो २१० रुपये, हीरो मोटोकॉर्प १६५ (अंतरिम १०० आणि अंतिम ६५), मारुती १३५, आयशर ७०, महिंद्र अँड महिंद्र २५.३०, टीव्हीएस मोटर १०, अशोक लेलँड ६.२५, टाटा मोटर्स ६. लेलँड आणि टाटा यांच्या आकड्यांना पुढे फाटे फुटले आहेत, ते प्रश्न ६ आणि ७ मध्ये पाहा.

हे आकडे भावाशी ताडून बघितले तर दुचाकीवाल्या हीरो आणि बजाज वरच्या बाजूला राहतात, मारुती, महिंद्र खाली. कारण धंद्यातच आहे. दुचाकीचा कारखाना एकदा उभा राहिला की रोकड सुटते. कार आणि एसयूव्हीच्या कंपनीला नवं मॉडेल, नवा कारखाना, इलेक्ट्रिक गाड्या यांत हजारो कोटी घालावे लागतात.

बजाजने तर २०२१ मध्ये आपलं धोरणच लिहून जाहीर केलं. हातातली शिल्लक रोकड १५,००० कोटींच्या वर असेल तर नफ्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ७,५०० ते १५,००० कोटींत असेल तर ७० टक्क्यांपर्यंत, त्याखाली ५० टक्क्यांपर्यंत वाटप. असं धोरण प्रत्येक मोठ्या नोंदणीकृत कंपनीच्या संकेतस्थळावर असतं. ते दोन-तीन पानांचंच असतं, आणि शेअर घेण्याआधी वाचण्यासारखं त्याहून उपयोगी दुसरं काही आम्हाला माहीत नाही.

५. ट्रक कंपन्यांचा डिव्हिडंड एवढा वरखाली का होतो?

ट्रक कोणी हौसेने घेत नाही. भाडं मिळत असेल तर घेतात, नाहीतर आहे तीच गाडी आणखी दोन वर्षं ओढतात. त्यामुळे मंदी आली की ट्रकची विक्री कारपेक्षा कितीतरी जोरात आपटते, आणि तेजीत तेवढ्याच जोरात उसळते. डिव्हिडंड त्यामागे जातो.

अशोक लेलँडचे आकडे ओळीने वाचा, हे शेअरमागे रुपये आहेत : २०१८-१९ ला ३.१०, २०१९-२० ला ०.५०, २०२०-२१ ला ०.६०, २०२१-२२ ला १, २०२२-२३ ला २.६०, २०२३-२४ ला ४.९५, २०२४-२५ ला ६.२५. ज्याच्याकडे दहा शेअर होते त्याच्या पासबुकात एका साली ३१ रुपये, पुढच्या सालासाठी ५ रुपये, आणि चार वर्षांनी साडेएकोणपन्नास.

मधली घसरण एका कारणाची नव्हती. जुलै २०१८ मध्ये सरकारने ट्रकच्या अ‍ॅक्सलवर टाकायच्या वजनाची मर्यादा वाढवली. आहे त्याच गाड्यांत जास्त माल जाऊ लागला आणि नव्या गाड्यांची गरज घटली. त्याच वर्षी सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी अडचणीत आली आणि वित्त कंपन्यांनी कर्जाचा हात आखडला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम आले, गाड्या महागल्या, आणि त्याच वेळी टाळेबंदी लागली.

आता मार्च २०२० कडे बघा. लेलँडचा भाव चाळीसच्या आसपास आला होता. आधीच्या वर्षाचा ३.१० रुपये डिव्हिडंड त्यावर मांडला तर यील्ड पावणेआठ टक्के दिसतं. प्रत्यक्षात त्या वर्षासाठी मिळाले पन्नास पैसे, म्हणजे सव्वा टक्का. शेअर पुढे चांगला वर गेला, ते खरंच. पण जो डिव्हिडंडवर औषधपाण्याचा खर्च भागवायचा विचार करतो त्याला ते पावणेआठ टक्के कधी मिळालेच नाहीत.

म्हणून आमचा आग्रह एवढाच असतो : गाडी कंपनीचं यील्ड काढताना चालू वर्षाचा डिव्हिडंड घेऊ नका. गेल्या सात-आठ वर्षांतला सगळ्यात कमी डिव्हिडंड घ्या आणि तो आजच्या भावावर मांडा. त्याच मंदीत मारुती ८० वरून ६० आणि मग ४५ रुपयांवर आली. हीरोने २०१९-२० साठी ९० दिले आणि पुढच्या वर्षी १०५. बजाजने १२० दिले आणि पुढच्या वर्षी १४०. सगळ्या एकाच वाहन क्षेत्रातल्या कंपन्या, पण वाईट वर्षातलं वागणं किती वेगळं!

६. टाटा मोटर्सचं एकाचे दोन शेअर झाले. डिव्हिडंड आता कोणता धरायचा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीची विभागणी झाली. १४ ऑक्टोबर ही रेकॉर्ड डेट होती (त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर, त्याला लाभ) आणि एका शेअरला व्यापारी वाहनांच्या कंपनीचा एक शेअर मिळाला. जुनी कंपनी आता टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स या नावाने चालते, जॅग्वार लँड रोव्हर तिच्याकडे आहे. ट्रक आणि बसची कंपनी टाटा मोटर्स हे नाव घेऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये बाजारात आली.

प्रश्न ४ मधले सहा रुपये दोन्ही धंदे एकत्र असतानाचे आहेत. ते विभागणीनंतरच्या एकट्या कार कंपनीच्या भावावर मांडले की यील्ड फुगून दिसतं. ते सहा रुपये एकट्या ट्रक कंपनीचेही नाहीत. दोन्ही कंपन्यांनी विभागणीनंतर स्वतः जाहीर केलेला डिव्हिडंडच धरायचा.

आणखी एक. २०१६-१७ ते २०२१-२२ या काळात टाटा मोटर्सने डिव्हिडंडच दिला नव्हता. २०२२-२३ साठी दोन रुपये दिले तेव्हा तो खंड संपला. प्रश्न ५ मधली ‘वाईट वर्षाची’ कसोटी इथे लावली तर उत्तर शून्य येतं. ज्यांच्याकडे डीव्हीआर (कमी मताधिकाराचे) शेअर होते त्यांना २०२४ मध्ये दहा डीव्हीआरला सात साधे शेअर मिळाले, तो प्रकार आता बंद झाला आहे.

७. मोबाइलवर लेलँडचं यील्ड पाच टक्के दिसतंय. खरंच एवढं आहे?

आकडा बोनसच्या आधीचा आणि भाव बोनसनंतरचा, असं झालं की हे घडतं. जुलै २०२५ मध्ये अशोक लेलँडने एकास एक बोनस दिला. शेअर दुप्पट झाले, भाव निम्म्यावर आला. २०२४-२५ चे ६.२५ रुपये आजच्या शेअरच्या हिशोबात ३.१२ रुपये धरायला हवेत. भाव १२५ धरला तर खरं यील्ड अडीच टक्के, पण ६.२५ तसेच ठेवले तर पाच टक्के. प्रश्न ५ मधले सगळे आकडेही बोनसच्या आधीचे आहेत, आजच्या शेअरशी जुळवायचे तर ते निम्मे करा.

दुसरं कारण म्हणजे खास डिव्हिडंड. हीरोने २०२३-२४ साठी १४० रुपये दिले, त्यातले २५ खास होते. तो दर वर्षी येईल असं समजू नका. उलटही होतं. बजाजने २०२३-२४ साठी फक्त ८० रुपये दिले, आधीच्या वर्षी १४० होते. लोक घाबरून विचारायला आले, ‘कंपनीचं काही बिघडलं का वो?’ काही बिघडलं नव्हतं. त्या वर्षी कंपनीने १०,००० रुपये भावाने ४,००० कोटींचे शेअर परत विकत घेतले होते, म्हणजे पैसा बायबॅकच्या वाटेने गेला होता.

८. रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशी शेअर घेऊन डिव्हिडंड मिळाला की विकला, तर?

डिव्हिडंड मिळेल, फायदा होणार नाही. जानेवारी २०२३ पासून व्यवहार दुसऱ्या दिवशी पुरा होतो, त्यामुळे रेकॉर्ड डेट शुक्रवारी असेल तर गुरुवारी घेतलेला शेअर चालतो, शुक्रवारी घेतलेला नाही. मध्ये बाजाराची सुट्टी असेल तर ती धरून मोजा.

पण शुक्रवारी सकाळी बाजार उघडताना भाव साधारण डिव्हिडंडएवढा खाली येतो. हीरोचा ६५ रुपये अंतिम डिव्हिडंड घ्या. आदल्या दिवशी भाव ४,३०० असेल तर बाकी काही न बदलता तो ४,२३५ ला उघडेल. हातात ६५ आले, भावात ६५ गेले. आलेल्या ६५ वर ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस उपकरासह वीस रुपये कर भरेल. भावातला ६५ चा तोटा मात्र फक्त भांडवली नफ्यातूनच वजा होतो, डिव्हिडंडमधून नाही. वर दलाली आणि इतर शुल्क आहेच.

९. मी लेलँड फार पूर्वी स्वस्तात घेतला. माझं यील्ड तर वीस टक्के पडतं ना?

तुमच्या खरेदीच्या किमतीवर पडत असेल. आनंद जरूर माना, पण निर्णय त्यावर घेऊ नका. तुम्ही पूर्वी चार लाखांना घेतलेला गाळा आज चाळीस लाखांचा असेल तर त्याचं भाडं चाळीस लाखांवर मोजावं लागतं, कारण आज विकून तेवढे पैसे दुसरीकडे लावता येतात. शेअरचंही तेच.

१०. डिव्हिडंडवर कर लागतो का? कंपनीने दहा टक्के का कापले?

३१ मार्च २०२० पर्यंत कंपनीच कर भरून डिव्हिडंड द्यायची. १ एप्रिल २०२० पासून तो तुमच्या उत्पन्नात मोजला जातो आणि तुमच्या टप्प्याच्या दराने कर लागतो. एका कंपनीकडून आर्थिक वर्षात १०,००० रुपयांच्या वर डिव्हिडंड झाला तर ती दहा टक्के टीडीएस कापते. एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ५,००० होती. पॅन नसेल किंवा चालू नसेल तर कपात वीस टक्के.

मर्यादा प्रत्येक कंपनीला वेगळी आहे. चार कंपन्यांकडून नऊ-नऊ हजार आले तर कोणीच कापणार नाही, पण छत्तीस हजार विवरणपत्रात दाखवावेच लागतात. ते तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात आधीच आलेले असतात, लपवून उपयोग नाही.

नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि डिव्हिडंड त्या सवलतीत बसतो. एकूण कर शून्य येणार असेल तर स्वघोषणापत्र देऊन कपात टाळता येते, लोक त्याला १५जी आणि ज्येष्ठांसाठी १५एच म्हणून ओळखतात. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने नमुन्यांचे क्रमांक बदलतात, तेव्हा कंपनीच्या ई-मेलमध्ये जो नमुना येईल तोच भरा. ई-मेल मात्र उघडा. सभेच्या आधी येणारं ते पत्र बहुतेक जण वाचतच नाहीत आणि मग परताव्यासाठी वर्षभर थांबतात.

११. माझं उत्पन्न शेतीचं आहे, आणि शेअर बायकोच्या नावावर आहेत. मग?

डाळिंबाचं किंवा उसाचं उत्पन्न करमुक्त, पण त्या पैशातून घेतलेल्या शेअरचा डिव्हिडंड शेतीचं उत्पन्न होत नाही. शेतीबाहेरचं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर गेलं तर दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही हिशोबात धरतात.

नवऱ्याने दिलेल्या पैशातून बायकोच्या नावावर शेअर घेतले असतील तर त्यांचा डिव्हिडंड नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. बायकोच्या स्वतःच्या कमाईतून किंवा माहेरून मिळालेल्या पैशातून घेतले असतील तर नाही. पैसा कुठून आला याचा बँकेतला कागद जपून ठेवा. अज्ञान मुलाच्या नावावरचा डिव्हिडंडही आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्याकडे धरतात.

१२. वडिलांच्या कपाटात ‘टेल्को’चे कागदी शेअर सापडले. त्यावर काही मिळेल?

मिळण्याची शक्यता चांगली आहे, कागद फाडू नका. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह म्हणजे टेल्को, तिचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं. २०११ मध्ये १० रुपयांच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच झाले. म्हणजे कागदावर पन्नास शेअर असतील तर आज अडीचशे, आणि विभागणीमुळे (प्रश्न ६) ट्रक कंपनीचे आणखी अडीचशे.

न उचललेला डिव्हिडंड सात वर्षांनी सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातो, आणि सलग सात वर्षांचा डिव्हिडंड उचललेला नसेल तर शेअरही जातात. तिकडे गेले म्हणजे बुडाले असं नाही. निधीच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं आणि वारस दावा करू शकतो. क्रम असा : आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) कागदावरचा फोलिओ म्हणजे खाते क्रमांक लिहून पाठवा, मग मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं, आणि वारसाच्या नावाचं डीमॅट खातं. एप्रिल २०२४ पासून कागदी फोलिओची केवायसी पूर्ण नसेल तर डिव्हिडंड अडवून ठेवला जातो, म्हणून पॅन आणि बँक खात्याची नोंद पहिल्याच पत्रात करा.

काहींच्या कपाटात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे कागदही निघतात. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली ही कंपनी, म्हणून इथल्या घरांत तिच्याबद्दल जिव्हाळा आहे. ती पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्याकडून डिव्हिडंडची अपेक्षा ठेवू नका.

१३. आपल्या सोलापूरची प्रिसिजन गाडी कंपन्यांत धरायची का?

प्रिसिजन कॅमशाफ्ट्स गाडी बनवत नाही, गाडीच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट बनवते. ती २०१६ मध्ये १८६ रुपयांना बाजारात आली. अलीकडे ती शेअरमागे रुपया देते, म्हणजे इश्यूत घेतलेल्याला अर्धा टक्का. सुट्या भागांच्या कंपन्यांना मोठ्या गिऱ्हाइकांच्या वेळापत्रकावर आणि किमतींवर चालावं लागतं, म्हणून त्यांचं यील्ड बहुधा कमी असतं. गावच्या कंपनीचा अभिमान आम्हालाही आहे. पण तिथेच नोकरी आणि तिथलेच शेअर असं असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

१४. माझे सहा ट्रक आहेत. धंदा कळतो म्हणून ट्रक कंपनीचेच शेअर घेतले तर?

धंदा कळतो हा मोठा फायदा आहे. भाडं मिळेनासं झालं की विक्री पडणार, हे तुम्हाला मुंबईतल्या विश्लेषकाच्या आधी कळतं. पण ज्या महिन्यांत तुमच्या गाड्या मार्केट यार्डाबाहेर उभ्या राहतील, त्याच महिन्यांत शेअरचा भाव पडलेला असेल आणि त्या वर्षीचा डिव्हिडंडही कापला जाईल. हप्ते भरायला पैसा हवा असताना दोन्हीकडून आवक आटते. प्रश्न ५ मधल्या २०१९-२० च्या आकड्यावर बोट ठेवा आणि त्या साली तुमच्या गाड्या किती दिवस उभ्या होत्या ते आठवा. धंद्याच्या अडचणीसाठी बाजूला ठेवायचा पैसा तरी ट्रकच्या शेअरमध्ये नको.

१५. मुलगा अमेरिकेत आहे. फोर्ड, व्होल्वोचं यील्ड भरपूर दिसतं, ते घ्यावेत का?

ते यील्ड मोठं दिसण्यात खास डिव्हिडंडचा वाटा असतो. व्होल्वोने २०२४ सालासाठी शेअरमागे ८ स्वीडिश क्रोनर नेहमीचे आणि १०.५० जादा दिले, म्हणजे जादाचा भाग नेहमीच्या भागापेक्षा मोठा. केनवर्थ आणि पीटरबिल्ट ट्रक बनवणारी पॅकार वर्षअखेर असाच जादा डिव्हिडंड देते. फोर्डचा ठरलेला डिव्हिडंड तिमाहीला १५ सेंट, पण २०२३ मध्ये वर ६५ सेंट आणि २०२४ मध्ये १८ सेंट दिले. २०२० च्या साथीत फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांनीही डिव्हिडंड थांबवला होता. टेस्ला मुळात देतच नाही.

भारतात राहून अमेरिकी शेअर घेतले तर तिथे डिव्हिडंडमधून २५ टक्के कापले जातात. त्याची वजावट इथल्या करात मिळते, पण त्यासाठी वेगळा अर्ज वेळेत भरावा लागतो. शिवाय परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे शेअर दाखवणं बंधनकारक आहे, डिव्हिडंड दहा डॉलर आला असला तरी. तो तक्ता राहिला तर काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली मोठा दंड होऊ शकतो. मुलाच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या पैशातून शेअर असतील तर त्याचा कर तो तिथे भरेल आणि तुमच्या विवरणपत्रात त्याचं काही येत नाही. खातं तुमच्या दोघांच्या संयुक्त नावावर असेल तर मात्र विवरणपत्र भरण्याआधी कागद घेऊन या.